कोणाकडून: नव्वदच्या दशकातल्या मेटल कॅसेटींच्या नोंदी

५ मे २०२४

माळ्यावरचे खोके खाली काढले. आतल्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आहेत. दोनशेच्या आसपास कॅसेटी आहेत, जवळजवळ सगळ्या नव्वदच्या दशकातल्या हेवी मेटलच्या. निम्म्याहून जास्त भरून घेतलेल्या, म्हणजे कुणाच्या तरी प्रतीवरून केलेल्या प्रती. बाकीच्या कॅम्पातून, लक्ष्मी रोडवरून, किंवा मुंबईला जाणं झालं की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून विकत घेतलेल्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं.

बायकोनं विचारलं, "हे सगळं फोनवर ऐकता येतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. अल्बम जगात सुखरूप आहेत, त्यांना माझी गरज नाही. पण माझ्याकडची प्रत जगात एकच आहे. ती कुठल्या टेपवर, कुणाच्या घरी झाली, जागा संपली म्हणून कुठलं गाणं तुटलं, उरलेल्या टेपवर कुणी काय भरलं, हे कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. हे संगीत पुण्यातल्या पेठांमध्ये आणि हॉस्टेलांमध्ये हातोहात कसं पोचलं, याचा माझ्यापाशी असलेला पुरावा तेवढाच.

वहीत नेहमीचे रकाने आखले: बँड, अल्बम, साल, टेपचा प्रकार, मिनिटं. त्या सगळ्यांच्या आधी एक रकाना घातला: कोणाकडून.

११ मे

डेक तयार झाला. तीन हेडचा जुना जपानी कॅसेट डेक आहे; हेड म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणारा किंवा भरणारा भाग. बेल्ट सैल पडले होते, टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झाला होता. तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी दोन्ही बदलून दिले आणि हेडशेजारचा अ‍ॅझिमथचा स्क्रू कुठला तेही दाखवलं; अ‍ॅझिमथ म्हणजे हेडचा कल. हेडमधली बारीक फट टेपला अगदी काटकोनात असावी लागते. ती जरा कलली की आधी झांजा जातात, मग गिटारची धार जाते. दुकानातून आणलेली कॅसेट एका कलात असते, घरी डबल डेकवर भरलेली दुसऱ्या. त्यामुळे स्क्रू एकदा लावून भागणार नाही, प्रत्येक कॅसेटला नव्यानं लावायचा.

वेग तपासायला ३१५० हर्ट्झच्या सुराची टेस्ट टेप वापरली. बाबा शेजारी बसले होते. त्यांची उमर सवाई गंधर्व महोत्सव ऐकण्यात गेली. मॉनिटरवरचा आकडा मी वाचायच्या आत म्हणाले, "अरे, किंचित चढा आहे." होताच. मोटरचा वेग लावणारा प्रीसेट थोडा फिरवला, मग आकडा जागेवर आला.

ठरवलेले नियम: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक फाइल, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी. मूळ फाइलवर काहीही सफाई करायची नाही. टेपची सरसर, म्हणजे हिस, तशीच ठेवायची, विजेची घुरघुर, म्हणजे हम, तोही तसाच.

१९ मे

पहिली कॅसेट मुद्दाम हीच घेतली. टीडीकेची डी ९०. ए बाजूला जुडास प्रीस्टचा 'पेनकिलर', बी बाजूला मेगाडेथचा 'रस्ट इन पीस'. दोन्ही अल्बम सप्टेंबर १९९० चे. एका महिन्यात असे दोन अल्बम यावेत याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझ्या ओळखीत कितीतरी जणांकडे ही जोडी याच क्रमानं एकाच कॅसेटवर होती. मला ती आतेभावानं, म्हणजे दादानं भरून दिली.

'पेनकिलर' तयार असूनही अडकून पडला होता. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रीनोमध्ये बँडवर खटला चालू होता. दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली त्याला त्यांच्या जुन्या रेकॉर्डमधला छुपा संदेश कारणीभूत आहे, असा आरोप होता. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात अल्बम बाहेर आला. स्कॉट ट्रॅव्हिस तेव्हा बँडमध्ये नवा होता. अल्बम उघडतो तोच त्याच्या एकट्याच्या ड्रम्सवर. वीस वर्षं मुरलेल्या बँडनं सुरुवातीचे क्षण नव्या माणसाच्या हाती सोपवले, याला धैर्य लागतं. गायक हॅलफर्डचा आवाज त्यानंतर जिथे चढतो, तिथे या प्रतीवर टेप फाटल्यासारखी वाटते. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तसं नाही. भरताना लेव्हल लालमध्ये गेली आहे. मला मात्र हॅलफर्ड असाच माहीत झाला.

आता महत्त्वाचं. अल्बम ४६ मिनिटांचा, सी ९० ची, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ४५ मिनिटांची. काही कंपन्या थोडी टेप जास्त गुंडाळत, पण या कॅसेटवर ती पुरली नाही. शेवटचं 'वन शॉट ॲट ग्लोरी' संपायच्या आत खट्‌ आवाज होऊन थांबतं. त्या गाण्याचा शेवट मी बऱ्याच वर्षांनी सीडीवर ऐकला. फाइलमध्ये तो खट्‌ ठेवला आहे.

बी बाजू. 'रस्ट इन पीस' साधारण ४१ मिनिटांचा, त्यामुळे आरामात बसला. गिटारवादक मार्टी फ्रीडमन आणि ड्रमर निक मेन्झा या दोघांचा मेगाडेथमधला हा पहिला अल्बम. फ्रीडमनच्या सोलोंमध्ये असे काही वळसे आहेत की बाबांनी तेव्हा स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं होतं, "हे कोण वाजवतंय?" २००४ साली मेगाडेथचा म्होरक्या मस्टेननं हा अल्बम नव्यानं मिक्स केला. काही गाण्यांच्या गायनाच्या मूळ टेपा सापडल्या नाहीत, म्हणून तिथे पुन्हा गायलेला आवाजही आला. ते मिक्स जास्त स्वच्छ आहे. पण १९९० मध्ये जे झालं ते या कॅसेटवर आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले. ड्रम्स कोरडे आणि जवळ वाटणारं जुनं मिक्स मला अधिक खरं वाटतं.

मेन्झा मे २०१६ मध्ये मंचावर वाजवताना कोसळला आणि गेला. नोंदीत तेही लिहिलं.

कोणाकडून: दादा. त्याच्याआधी कोण, ते विचारायचं.

२ जून, रविवार

जुन्या बाजारात जाऊन स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटींचा ढीग आणला. वेल्ड केलेल्या कॅसेटीतली टेप काढावी लागली तर हे कवच लागेल. एका स्टॉलवर भक्तिगीतांच्या गठ्ठ्यात मेटॅलिकाची १९९१ ची काळी कॅसेट दिसली, आतली छापील कागदाची घडी शाबूत. ती माझ्याकडे आहेच, तरी घेतली.

९ जून

आज जे सापडलं त्यानं सगळ्या कामाची दिशा बदलली.

'पेनकिलर'च्या दोन गाण्यांमधली शांतता मोठी करून स्पेक्ट्रम पाहिला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख. घरच्या विजेचा हम ५० हर्ट्झला दिसणार, हे अपेक्षित होतं. आधी कॅसेट न घालता माझ्या डेकचा स्वतःचा हम मोजला आणि तो बाजूला ठेवला. तरीही ५० च्या आसपास तीन वेगळ्या रेषा उरल्या, एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण हर्ट्झवर.

कारण सरळ आहे. प्रत्येक रेकॉर्डर आपल्या प्लगमधला हम टेपवर थोडा उतरवतो. ती टेप दुसऱ्या यंत्रावर वाजली की दोघांच्या वेगातल्या फरकामुळे जुना हम थोडा सरकतो, आणि नवं यंत्र त्यात स्वतःचा मिळवतं. म्हणजे जितक्या रेषा, साधारण तितक्या वेळा प्रत झाली. मूळ विकतची कॅसेट सोडली तर माझी ही तिसरी पिढी.

एक सावधगिरी: या रेषांवरून वेग अचूक काढता येणार नाही. नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच ५० वर ठाम नसे, बरीच खालीवर व्हायची. पिढ्या मोजायला मात्र हे पुरेसं आहे.

दुसरी खूण अ‍ॅझिमथची. ज्या डेकवर प्रत झाली त्याच्या हेडचा कल त्या प्रतीत कायमचा राहतो. स्क्रू किती फिरवावा लागतो ते मी लिहीतच होतो. आज त्या आकड्यांनुसार कॅसेटी मांडल्या तर एका जागी मोठा गठ्ठा जमला: 'पेनकिलर'ची प्रत, स्लेअरचा 'सीझन्स इन द अबिस', आणि आयर्न मेडनचा 'द एक्स फॅक्टर'. पहिल्या दोन दादाकडच्या. 'एक्स फॅक्टर' मला कॉलेजातल्या मित्रानं दिला होता, आणि दादाशी त्याची ओळख असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

२० जून, गुरुवार

सकाळपासून वीज नाही. खिडकीशी बसून कागद वाचले.

पँटेराच्या 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर' (१९९२) च्या घडीवर गिटारवादकाचं नाव डायमंड डॅरेल असं आहे. डाइमबॅग हे नाव पुढच्या, १९९४ च्या 'फार बियाँड ड्रिव्हन'वर आलं. तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला होता. रेडिओच्या आधारावाचून इतकं कठोर संगीत तिथे पोचलं याचा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! पँटेराच्या टेक्सासशी आमचा काय संबंध, तरी वाटला. ८ डिसेंबर २००४ ला अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये मंचावरच डॅरेलला गोळ्या घातल्या, तेव्हा नोकरीला लागलेले, लांब गेलेले मित्र एकमेकांना फोन करत होते.

तांत्रिक बाजू: पँटेरावरून वेग तपासू नये. त्यांच्या गिटारी नेहमीच्या सुराला लावलेल्या नसत, दोन सुरांच्या मधे कुठेतरी असत. वेग टेस्ट टेपनं लावायचा आणि बँडवर विश्वास ठेवायचा.

३० जून

पालख्या शहरात. रस्ते बंद, घरातच. मेटॅलिकाचा 'लोड' (१९९६) उतरवला. जवळजवळ ७९ मिनिटांचा अल्बम, सीडीत मावावा म्हणून त्यातलं शेवटचं गाणं मिनिटभर कापावं लागलं होतं. सी ९० वर मात्र जागा उरली. तिथे कुणीतरी ब्लॅक सॅबथच्या 'डीह्यूमनायझर'मधलं एक गाणं भरलंय. गायक डिओ आहे. अक्षर ओळखीचं नाही.

१४ जुलै

डेथचा 'ह्यूमन' (१९९१). सोनीची एचएफ. कोणाकडून: शिलाँगचा मित्र, हॉस्टेल.

याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पुण्यातल्या मेटलचं बोलताना ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलांचं ऋण क्वचितच कुणी सांगतं. आमच्याकडे मेगाडेथ, मेडन, मेटॅलिका होतं, म्हणजे इथल्या दुकानात मिळे ते. डेथ, कार्कस, पॅराडाइज लॉस्ट ही नावं मी पहिल्यांदा त्याच्या खोलीत ऐकली. सुट्टीहून परत येताना तो पिशवीभर कॅसेटी आणायचा. आधी चहा पाजायचा, मग एकच बाजू ऐकवायचा आणि विचारायचा, "काय ऐकू आलं?" उत्तर नीट दिलं तरच दुसरी बाजू.

'ह्यूमन'वर डेथचा म्होरक्या चक शुल्डिनरबरोबर गिटारवर पॉल मॅसव्हिडाल आणि ड्रम्सवर शॉन रायनर्ट होते. दोघं सिनिक बँडचे, वय अगदी कोवळं, आणि जॅझ कानात मुरलेला. बासवर स्टीव्ह डी जॉर्जिओ. मृत्यूच्या आरोळ्यांच्या संगीतात असे मोडलेले, तरीही तोलात राहणारे ताल येतात, हे मला त्या खोलीत कळलं. पण डी जॉर्जिओचा बास मूळ मिक्समध्येच दबलेला होता. दुसऱ्या पिढीच्या प्रतीवर तर तो शोधूनही सापडत नव्हता. मित्र म्हणायचा, "बोटं चालतायत, लक्ष दे." मी लक्ष देत राहिलो. २०११ साली अल्बम नव्या मिक्समध्ये आला, त्यात बास वर आणलाय. तेव्हा कळलं की बोटं खरोखर किती चालत होती.

एक निरीक्षण गेले काही आठवडे मनात घोळतंय. प्रतींमागून प्रती होताना काही अल्बम टिकतात, काही विरघळतात. पँटेराची गिटार तिखट आणि कोरडी, म्हणून दोन-तीन पिढ्यांमध्ये वरचे सूर झिजले तरी रिफ शाबूत राहते. 'पेनकिलर'चंही तसंच. उलट पॅराडाइज लॉस्टचा 'गॉथिक' (१९९१) मुळातच धुक्यात बुडालेला आहे, त्याची माझ्याकडची प्रत म्हणजे नुसता गडगडाट. ग्रेग मॅकिंटॉशची वरून वाहणारी एकाकी गिटार त्यात जेमतेम वाचते. हॉस्टेलांमध्ये पँटेरा घरोघरी आणि पॅराडाइज लॉस्टसारखं संथ, जड डूम मेटल मोजक्यांकडे, याचं कारण केवळ आवडीनिवडीत नसावं. जे प्रतीत टिकलं तेच पुढे गेलं, असं माझं मत होत चाललंय.

चक १३ डिसेंबर २००१ ला गेला, मेंदूच्या गाठीनं, ३४ व्या वर्षी. रायनर्टही जानेवारी २०२० मध्ये गेला. मित्र शिलाँगला परतला. त्याला आज सकाळी फाइल पाठवली. त्याचं उत्तर: "अजून तोच प्रश्न. काय ऐकू आलं?"

२७ जुलै

परवा पहाटे सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. माझा शाळेपासूनचा मित्र तिथे राहतो. माणसं सुखरूप आहेत, पहिली बातमी तीच घेतली. आज चिखल काढायला गेलो होतो. निघताना त्यानं एक ओला खोका पुढे केला. "तू ते कॅसेटींचं काम करतोयस ना? बघ, काही वाचतं का."

त्यातल्या निम्म्या कॅसेटी मी त्याला भरून दिलेल्या आहेत. माझ्या हातचं अक्षर, निळी शाई, आता ओघळलेली. साखळीत माझ्यापुढच्याही कड्या आहेत हे वही सुरू करताना माझ्या मनात आलं नव्हतं. आणखी एक रकाना आखला: कोणाला.

केलेलं काम, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. ओली कॅसेट कधीही वाजवून बघायची नाही. कवच उघडायचं, टेपची चकती तशीच अखंड बाहेर काढायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हातानं खळबळून गाळ जाऊ द्यायचा, पाणी बदलत राहायचं. नळाचं पाणी शेवटी नको, क्षार राहतात. नंतर जाळीवर, पंख्याच्या आडव्या वाऱ्यात, सावलीत वाळवायचं. हेअर ड्रायर किंवा ऊन अजिबात नको. सी ९० ची टेप एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जेमतेम जाड असते, उष्णतेनं ताणली की संपलं. बुरशी आलेली टेप वेगळ्या खोलीत ठेवायची आणि तोंडाला मास्क लावायचा.

बायकोनं जेवणाचं टेबल पुरतं रिकामं करून दिलं.

११ ऑगस्ट

वाळलेल्या टेपा नव्या कवचात घातल्या. बऱ्याच वाजल्या. डब्याच्या तळाशी होत्या त्यांचा लेप सुटला, त्यांवर आवाजच उरला नाही. त्यात मशीन हेडचा १९९४ चा 'बर्न माय आइज' होता. माझ्याकडची त्याची प्रत पूर्वीच हरवली होती, त्यामुळे ही शाखा इथे तुटली. वहीत ओळ ठेवली, फाइलचं नाव कोरं.

१८ ऑगस्ट

सेपल्टुराचा 'रूट्स' (१९९६). विकतची कॅसेट, त्यामुळे साखळी एका कडीची. तरी आज संध्याकाळ त्यातच गेली.

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू आहे. खिडकी बंद केली तरी ढोलाचा खालचा घुमार भिंतीतून येतो. अशात 'रूट्स' लावला. १९९५ च्या अखेरीस ही मंडळी ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात शवांते लोकांच्या गावी जाऊन राहिली आणि त्यांच्याबरोबर बसून रेकॉर्डिंग केलं. बाकीचा अल्बम कॅलिफोर्नियात, मालिबूच्या डोंगरातल्या इंडिगो रँच स्टुडिओत. बाहियाचा तालवादक कार्लिन्होस ब्राऊन सोबत होता. मुखपृष्ठावरचा चेहरा ब्राझीलच्या हजार क्रुझेरोच्या नोटेवरच्या चित्रावरून घेतलेला. गिटारी इतक्या खाली उतरवल्या आहेत की तारा सैल पडून फडफडतात, आणि इगोर कव्हालेराचे ड्रम्स सगळ्यांच्या पुढे.

१९९६ च्या गणपतीत ही कॅसेट नवी होती. मिरवणुकीहून रात्री परत येऊन मी ती हेडफोनवर लावली, आणि आपल्याला मेटल का आवडतं याचं उत्तर तेव्हा मिळालं. टिपरू आणि थापी पोटात उतरते ती भाषा मला जन्मापासून येत होती. ब्राझीलच्या चार पोरांनी आपल्या मातीतला ताल घेतला आणि सगळ्या जगाला ऐकवला. आपल्याकडे कुणी असं करेल याची मी तेव्हापासून वाट पाहत आलो. त्या वर्षाच्या शेवटी गायक मॅक्स कव्हालेरा, इगोरचा भाऊ, बँडबाहेर पडला. भाऊ भावापासून तुटला. पुढचे अल्बम मी घेतले, पण तो घुमार परत मिळाला नाही.

रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा ढोल आलेला नाही. थेट वायरनं घेतोय, येणारही नाही. आला असता तर ठेवला असता.

७ सप्टेंबर

गणपती बसले. विसर्जनापर्यंत डेक झाकून.

२२ सप्टेंबर

माय डाइंग ब्राइडचा 'टर्न लूज द स्वान्स' (१९९३). कोणाकडून: पुन्हा शिलाँगचा मित्र.

अल्बमची सुरुवात गिटार आणि ड्रम्सशिवाय होते. कीबोर्ड, मार्टिन पॉवेलचं व्हायोलिन आणि एक खालच्या स्वरातला, बोलल्यासारखा आवाज. बाबा आतल्या खोलीतून येऊन बसले. तीन-चार मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाई नाही याला. बरं आहे." पुढच्या गाण्यात गुरगुरणारा आवाज सुरू झाला, मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. म्हणाले, "व्हायोलिन परत येईल ना?" येतं म्हटलं.

पूर्ण बाजू ऐकली त्यांनी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

६ ऑक्टोबर

दादा नाशिकहून आला. वही त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "दादा, 'पेनकिलर' तू कुणाकडून घेतलंस?"

"हॉस्टेलच्या एका पोराकडून. त्याच्याकडे ओरिजिनल नव्हती. त्याच्या वरच्या खोलीतल्या मुलाचा काका बोटीवर होता, त्यानं सिंगापूरहून आणलेली."

मूळ कॅसेट, तिच्यावरून हॉस्टेलमधली प्रत, तिच्यावरून दादाची, तिच्यावरून माझी. तीन वेळा प्रत, तीन रेषा. स्पेक्ट्रम त्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ स्क्रीनजवळ वाकून बघत राहिला. "म्हणजे त्या पोराच्या खोलीतली लाइट अजून इथे आहे?"

मग 'एक्स फॅक्टर'. दादा हसायला लागला. माझा कॉलेजातला मित्र दादाच्याच गल्लीत क्रिकेट खेळायला यायचा. गल्लीतल्या सगळ्यांना दादा भरून द्यायचा, फक्त कोरी कॅसेट ज्यानं त्यानं आणायची. म्हणजे ही कॅसेट दादाकडून निघून मित्रामार्गे माझ्याकडे आली. रकान्यातल्या मित्राच्या नावामागे दादाचं नाव जोडलं.

दोघांनी मिळून ती ऐकली. या अल्बमवर १९९५ मध्ये फार टीका झाली. ब्रूस डिकिन्सन गेलेला, त्याच्या जागी ब्लेझ बेली, ज्याचा आवाज तितका वर जात नाही. माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आज जास्त ठाम आहे. हा मेडनचा सर्वात काळोखा अल्बम आहे आणि बेलीचा जड, जमिनीवरचा आवाज त्या काळोखाला योग्य आहे. सुरुवातीचं गाणं अकरा मिनिटांचं, खालच्या पट्टीतल्या समूहस्वरानं हळूहळू उघडणारं. डिकिन्सननं ते पुढे मंचावर गायलं आणि उत्तम गायलं. पण ते ऐकताना मला योद्धा दिसतो, आणि बेलीच्या आवाजात घाबरलेला माणूस दिसतो. गाणं घाबरलेल्या माणसाचं आहे. दादाला हे पटलं नाही. त्यावर जेवण होईपर्यंत वाद चालला.

अल्बम ७१ मिनिटांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना नऊ-दहा मिनिटं उरतात. ए बाजूच्या शेवटी दादानं मेडनच्याच आधीच्या 'फिअर ऑफ द डार्क'चं शीर्षकगीत घातलं आहे, बी बाजूला काहीच नाही. मी विचारलं, तिकडे रिकामं का? म्हणाला, "शेवटचं गाणं संपल्यावर काही लावावंसं वाटेना."

१३ ऑक्टोबर

फाइली दादाला, शिलाँगला आणि सिंहगड रोडला पाठवल्या. प्रत्येक फाइलच्या माहितीत साखळी लिहिली आहे, नावांऐवजी नातं आणि गाव: दादा, हॉस्टेल, सिंगापूर. कुणाला स्वतःचं नाव हवं असेल तर त्यानं सांगायचं, म्हणजे घालेन.

दादाचा जुना डबल डेक नाशिकला माळ्यावर आहे. पुढच्या खेपेला घेऊन येतो म्हणाला. त्याच्या हेडचा कल थेट मोजता आला की गठ्ठ्यातल्या संशयित कॅसेटींचा निकाल लागेल. 'लोड'च्या शेवटी डिओ भरणाऱ्याचा शोध अजून लागायचा आहे. त्या कॅसेटच्या आतल्या घडीचा फोटो तिघांनाही पाठवला. शिलाँगहून उत्तर आलं की हे अक्षर त्यानं पाहिलंय, हॉस्टेलच्या मेसच्या वहीत. त्याला म्हटलं, त्या वर्षीच्या मुलांचा ग्रुप असेल तर विचार.

उद्यापासून तिसरा खोका. वरच कार्कसचा 'हार्टवर्क' आहे, कोणाकडून तो रकाना भरलेला नाही.